रोज भाव बदलणाऱ्या धंद्यात बजेट कशाला? एका डाळ मिलवाल्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरजवळ तुरीची डाळ मिल, दोघं भाऊ मिळून चालवता, मुलगा शिकून आलाय आणि म्हणतोय की वर्षाचं बजेट करू, दर महिन्याला ताळा, म्हणजे ठरवलं काय अन् झालं काय, ते जुळवून बघू. तुमचे जुने मुनीम म्हणायलेत की मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सकाळी एक भाव अन् दुपारी दुसरा, त्याच्यावर कसलं बजेट करता, हे मोठ्या कंपन्यांचं काम. आणि तुम्हाला स्वतःला वाटतंय की बँकेसाठी सीए दरवर्षी प्रोजेक्शन करून देतातच, मग परत वेगळं कशाला, आणि करायचंच तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं. मी कॉस्ट अकाउंटंट आहे, आधी औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमधी नोकरी केली, आता बरीच वर्षं लातूर, जालना, नांदेड भागातल्या मिल, जिनिंग, शेतकरी उत्पादक कंपन्या ह्यांचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा आणि मुनीमकाकांनाही वाचायला द्या, त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी बँकेचं. सीए बँकेला करून देतात तो सीएमए डेटा, म्हणजे कर्जाची लिमिट किती मिळावी ह्याच्यासाठी केलेला हिशोब, त्याच्यात अख्ख्या वर्षाची विक्री एका आकड्यात, खरेदी एका आकड्यात, नफा एका आकड्यात. बँकेच्या कामासाठी ते ठीक आहे. पण फेब्रुवारीत किती क्विंटल तूर घ्यायची, ती कोण घेणार, त्या महिन्यात मिल किती दिवस चालणार, पैसा कोणत्या आठवड्यात तुटणार, ह्यातलं काहीच त्याच्यात नसतंय. आणि मुख्य म्हणजे ज्यांनी खर्च करायचा, म्हणजे तुमचा खरेदीचा माणूस, मिलचा सुपरवायझर, गाडी लावणारा, त्यांच्यापैकी कुणीच ते कागद बघितलेले नसतात. ज्याला आकडा माहितच नाही त्याला तो पाळला का म्हणून विचारता येत नाही. म्हणून ते बजेट नाही, ते कर्जाच्या अर्जाचा भाग आहे.

आता मुनीमकाकांचा मुद्दा. भाव सांगता येत नाही हे शंभर टक्के खरं. २०२१ च्या ऑगस्टमधी सोयाबीन दहा हजाराच्या घरात होतं आणि नवीन माल मोंढ्यात यायला लागला तसं दोन महिन्यात निम्म्यावर आलं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तुरीचंच घ्या, २ जून २०२३ ला केंद्रानं तूर आणि उडीदवर साठा मर्यादा लावली, मिलवाल्यांना मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, जे जास्त असेल तेवढाच साठा, आणि त्याच सप्टेंबरमधी ते एकदम एक महिन्याचं उत्पादन किंवा १० टक्के इतकं खाली आणलं. सीझनमधी माल भरून ठेवायचा आणि दिवाळीपर्यंत दळत राहायचं असं ज्यांनी ठरवलं होतं त्यांचा सगळा प्लॅनच बदलला. हे कोणत्याच बजेटमधी आधी लिहिता आलं नसतं.

पण काका, बजेट म्हणजे भावाचं भाकीत असं तुम्ही धरलंय, तिथंच गडबड होतीय. मिलवाला भावावर जगत नाही, तो तूर आणि डाळ ह्यांच्या मधल्या फरकावर जगतो, उताऱ्यावर, म्हणजे क्विंटल तुरीतून किती डाळ निघती त्याच्यावर जगतो, मिल महिन्यात किती दिवस चालली त्याच्यावर आणि पैसा किती दिवस अडकून राहिला त्याच्यावर जगतो. ह्या चारही गोष्टींचा अंदाज धरता येतो, आणि तुम्ही तो रोज धरताच, सौदा करताना पडतळ (सगळा खर्च धरून माल कितीला पडतो ते) काढताच की मनातल्या मनात. मी एवढंच म्हणते की तो अंदाज कशावर धरला ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या मते बजेटमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान आकड्यांचं नसतंच, गृहीतकांचं असतं. तूर सरासरी किती रुपयाला धरली, डाळ किती, चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) किती, उतारा किती टक्के, महिन्याला किती क्विंटल, मिल किती दिवस, पार्टीची उधारी किती दिवस, लाईटचा दर किती. एका पानात मावतंय. हे पान नसेल तर महिन्याच्या शेवटी आकडा चुकला तेव्हा तो का चुकला ते कुणालाच सांगता येत नाही, नुसता वाद होतो. भाव चुकला का माणूस चुकला हे वेगळं काढायला ते पान लागतं. प्लॅनिंग आणि कंट्रोल अशी दोन वेगळी कामं पुस्तकात वाचायला मिळतात, प्रत्यक्षात त्यांना जोडणारं हेच एक पान आहे.

एक छोटा हिशोब. समजा तूर ७,५०० धरली, उतारा ७२ टक्के, डाळ १०,५००, म्हणजे एका क्विंटल तुरीतून डाळीचे ७,५६० आले, चुनी-भुशाचे साधारण ५५० धरा, झाले ८,११०. तूर वजा केली तर ६१० राहिले, त्याच्यात दळणाचा सगळा खर्च आणि व्याज भागवायचंय. हे आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. आता प्रत्यक्षात तूर ७,६२० नं पडली. नुसतं खरेदीचं रजिस्टर बघितलं तर खरेदीवाल्यानं क्विंटलमागं १२० रुपये जास्त दिले, त्याला झापायचं. पण डाळ १८० रुपयांनी महाग गेली असेल तर ७२ टक्क्यानं क्विंटल तुरीमागं जवळपास १३० रुपये जास्त आले, म्हणजे फरक तसाच राहिला, उलट नऊ-दहा रुपये सुधारला. मग त्या माणसाला कशाला झापायचं? भावाचं गृहीतक बदललं, काम बरोबर झालं. आणि उलटंही होतं बरं, बाजार पडला म्हणून तूर स्वस्तात आली, खरेदीवाला पाठ थोपटून घेतोय, पण डाळ त्याहून जास्त पडली.

आता प्लॅनिंगचं बघू. आमच्याकडं बहुतेक मिलवाले वर्ष एप्रिल ते मार्च धरतात कारण टॅक्सचं वर्ष ते आहे. तुरीसाठी हे सोयीचं नाही. नवी तूर डिसेंबरच्या शेवटी दिसायला लागती, जानेवारी-फेब्रुवारीत जोर असतो, मार्चनंतर आवक उतरत जाती. म्हणजे एप्रिलपासून बजेट केलं तर तुमचा मुख्य निर्णय, किती माल भरायचा, तो होऊन गेलेला असतो आणि मग बजेट म्हणजे झालेल्या गोष्टीवर सही. तुम्ही दिवाळीनंतर, नोव्हेंबरमधी बसा आणि डिसेंबर ते नोव्हेंबर असं करा, बँकेला आणि सीएला लागेल तसं एप्रिल-मार्चमधी परत मांडून देता येतं, ते काम मुलगा एका दुपारी करील. पतसंस्था आणि सोसायट्यांमधी मी हे कायम बघते, वार्षिक सभा सप्टेंबरमधी, तिथं चालू वर्षाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी म्हणजे निम्मं वर्ष संपल्यावर, आणि त्याच विषयपत्रिकेवर पुढचा विषय असतो, गेल्या वर्षी अंदाजपत्रकापेक्षा जास्त झालेल्या खर्चास मंजुरी देणे. सभासद हात वर करतात, विषय मंजूर. कायद्याची पूर्तता होती, पण जास्तीचा खर्च का झाला हे विचारायची वेळ कधीच निघून गेलेली असती. सभासदांच्या ठेवींचा प्रश्न असतो तिथं, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

बजेट करायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची? ज्याच्यावर सगळं अडतं तिथून. कुणाचं विक्रीवर अडतं, कुणाचं मशिनवर, आपल्याकडच्या मिलचं बहुतेक वेळा पैशावर अडतं. म्हणून तुम्ही विक्रीपासून नका सुरू करू, पैशापासून करा.

धरा, जानेवारी ते मार्च दर महिन्याला ५,००० क्विंटल घेणार आणि ३,००० दळणार. म्हणजे दर महिन्याला २,००० क्विंटल गोदामात वाढणार, ७,५०० नं दीड कोटी. मोंढ्यात शेतकऱ्याचं पेमेंट लगेच द्यावं लागतं, ते थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. इकडं डाळ हैदराबादला, पुण्याला, चेन्नईला गेली की पंचवीस-तीस दिवसांची उधारी, म्हणजे साधारण दोन कोटी कायम बाहेर. जानेवारी अखेर साडेतीन कोटी अडकले, फेब्रुवारी अखेर पाच, मार्च अखेर साडेसहा. आता तुमची सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, ४ कोटी आणि घरचे दीड कोटी असले तर साडेपाच झाले, म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच पैसा संपतोय. नफ्यातली मिल आणि खात्यात पैसा नाही. हे कधी कळलं पाहिजे? डिसेंबरमधी कळलं तर चार रस्ते असतात, फेब्रुवारीची खरेदी कमी करा, गोदाम पावतीवर कर्जाचं बोलून ठेवा, एखाद्या मोठ्या पार्टीला थोडा कमी भाव लावून पंधरा दिवसात पेमेंट घ्या, किंवा मार्चमधी जास्त दिवस दळून माल काढा. १० मार्चला कळलं तर दोनच रस्ते उरतात, खासगी दीड-दोन रुपये शेकड्यानं उचला नाहीतर डाळ मिळेल त्या भावात फुंका.

आणि एक गोष्ट बँकेची. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्षात किती उचलता येतं ते, स्टॉकच्या किमतीवर निघती, मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, कापून. गोदामात ६,००० क्विंटल असताना तूर ५०० रुपयांनी पडली तर स्टॉकची किंमत ३० लाखांनी कमी झाली, २५ टक्के मार्जिन धरलं तर ड्रॉइंग पॉवर साडेबावीस लाखांनी उतरली. म्हणजे बाजार पडला की विक्री थंडावती आणि नेमकी त्याच वेळी बँकही हात आखडता घेती. म्हणून पैशाचं बजेट सीझनमधी महिन्याचं करून भागत नाही, आठवड्याचं करा, आणि भाव पाचशेनं पडला तर काय, असा एक दुसरा रकाना त्याच कागदावर ठेवा. त्याच्यातच बारदानावाला, स्पेअर पार्टवाला ह्यांच्या तारखाही टाका, कारण सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात आणि करार नसेल तर १५ दिवसात द्यावं लागतं, नाहीतर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरतात. २०२३ च्या वित्त अधिनियमानं आलेला हा नियम अजून पुष्कळ मिलवाल्यांच्या लक्षात नाही.

दुसरा रकाना ठेवा म्हणते त्याला कारण आहे, मराठवाड्यात एका अंदाजावर वर्ष काढणं धोक्याचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तिकडं औरंगाबाद भागात हायकोर्टाच्या आदेशानं उद्योगांचं, विशेष करून मद्य कारखान्यांचं पाणी कापलं गेलं. तुमच्या मिलला पाणी फार लागत नाही, पण पाऊस नाही म्हणजे तूर नाही आणि तूर नाही म्हणजे मिल महिन्यात बारा दिवस. बारा दिवस चालली तर पगार, डिमांड चार्ज (वापर कमी झाला तरी लागणारा लाईटचा ठरलेला आकार), हप्ता हे कसं निघणार, हे ऑगस्टमधी पावसाकडं बघत बसण्यापेक्षा नोव्हेंबरमधी कागदावर बघितलेलं बरं.

आता कंट्रोल. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथंच लोक बजेट सोडून देतात.

धरा दळणाचा खर्च असा ठरला. क्विंटलमागं लाईट ६०, मजुरी-हमाली ५०, तेल २०, बारदाना ४०, मिळून १७०. आणि महिन्याचा बांधील खर्च, पगार, डिमांड चार्ज, विमा, देखभाल वगैरे, साडेचार लाख. ३,००० क्विंटलला ५,१०,००० आणि ४,५०,०००, एकूण ९,६०,०००. महिना संपला, खर्च झाला ८,९०,०००. मुनीमकाका सांगणार की ७० हजार वाचले, सगळे खुश, मीटिंग संपली. पण त्या महिन्यात दळले किती? २,२०० क्विंटल. मग ९,६०,००० शी तुलना करून काय उपयोग, ते ३,००० चं बजेट होतं. २,२०० ला किती खर्च व्हायला पाहिजे होता ते काढा, १७० नं ३,७४,००० आणि बांधील साडेचार लाख, एकूण ८,२४,०००. म्हणजे ७० हजार वाचले नाहीत, ६६ हजार जास्त गेले. ह्याला फ्लेक्झिबल बजेट म्हणतात, नाव मोठं वाटतं पण काम एवढंच, झालेल्या कामाच्या मापानं बजेट परत मांडायचं आणि मग तुलना करायची. हे न करता जी काही तुलना होती ती फसवी असती, काम कमी झालं की सगळे काटकसरी दिसतात आणि एखाद्या महिन्यात जोरात काम केलं की तोच सुपरवायझर उधळ्या दिसतो.

पुढं जाऊ. ६६ हजार कुठं गेले? तेल आणि बारदाना बरोबर. लाईट १,३२,००० व्हायला पाहिजे होती ती १,७०,००० झाली, ३८ हजार जास्त. मजुरी १,१०,००० ऐवजी १,२६,०००, १६ हजार जास्त. बांधीलमधी मोटार जळाली, रिवाइंडिंगचे १२ हजार. आता सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणतो, साहेब माल तुटक आला, दोन दिवस मिल चालली की एक दिवस बंद, परत चालू करायची, रोल रिकामे फिरतात, रोजंदारीची माणसं सोडली तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिलला जातात म्हणून बसवून ठेवली, मधी आभाळ आलं तेव्हा उन्हात वाळवण होईना म्हणून ड्रायर चालवला. म्हणजे ५४ हजारांतला मोठा हिस्सा सुपरवायझरच्या हातातच नाही, तो खरेदीच्या नियोजनाचा आहे, आणि ड्रायरचा तर कुणाच्याच हातात नाही. हे लक्षात घ्या, फरक ज्या खात्यात दिसतो त्याच खात्याच्या माणसामुळं झालेला असतोच असं नाही. लाईटच्या लेजरमधी दिसणारी चूक मोंढ्यात झालेली असती. ज्या माणसाच्या हातात जी गोष्ट आहे तीच त्याला विचारा, नाहीतर दोन-तीन महिन्यात तो खरं कारण सांगणं बंद करतो, जे तुम्हाला ऐकायचंय ते सांगायला लागतो, आणि मग तुमच्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

आणि आता ह्याच्याहून मोठी गोष्ट, जी ह्या सगळ्या खर्चाच्या पानावर दिसतच नाही. उतारा. ७२ धरला होता, साडेसत्तर आला. दीड टक्का, ऐकायला काहीच नाही. २,२०० क्विंटलवर दीड टक्का म्हणजे ३३ क्विंटल डाळ. ती डाळ न होता चुनीत गेली असं धरलं, डाळ १०,५०० आणि चुनी २,५००, म्हणजे क्विंटलमागं ८ हजारांचं नुकसान, ३३ क्विंटलचे २,६४,०००. सगळ्या जास्तीच्या खर्चाच्या बरोबर चौपट! चहा-पाण्याच्या आणि डिझेलच्या व्हाउचरवर तास-तास वाद घालणारे मालक मी बघते आणि उतारा विचारला की म्हणतात बहात्तरच्या आसपास असतो. आसपास म्हणजे किती? जिथं पैसा हलतो ते बजेटमधी पहिलं आलं पाहिजे, आणि आपल्या धंद्यात तो उताऱ्यात हलतो. उतारा का पडला त्याची कारणंही परत वेगवेगळी, तूर ओली घेतली असेल, खडा-माती जास्त असेल, रोलचं एमरी, म्हणजे घासणारा खरखरीत थर, झिजलं असेल, वाळवण घाईत काढली असेल. पहिली दोन खरेदीची, पुढची दोन मिलची. लॉटप्रमाणं लिहून ठेवलं तर कळतंय, महिन्याचा एकच आकडा काढला तर कळत नाही.

म्हणून कंट्रोल दोन पातळ्यांवर ठेवा. रुपयांचा ताळा महिन्याला, पण माप रोज. जालन्याला सळईच्या भट्ट्यांवर जाऊन बघा, तिथं मालक सकाळी पहिला प्रश्न विचारतो की टनाला लाईटचे युनिट किती लागले, बिल यायची वाट बघत नाही, कारण बिल येईपर्यंत महिना गेलेला असतो. तुमच्या मिलमधी तसंच, रोज संध्याकाळी एका फळ्यावर, आज किती क्विंटल दळले, उतारा किती, मीटर किती पळालं, मिल किती तास बंद आणि कशामुळं. हे लिहायला सुपरवायझरला पाच मिनिटं लागतात. महिन्याचा ताळा मात्र सात तारखेच्या आत झाला पाहिजे, पंचवीस तारखेला मागच्या महिन्याचा ताळा बघून हाती काही लागत नाही. आकडा पैशापर्यंत तंतोतंत नसला तरी चालेल, सातला आलेला अंदाजे आकडा मला पंचवीसला आलेल्या पक्क्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. आणि प्रत्येक फरकावर चर्चा करू नका, आधीच ठरवा की पाच टक्क्यांपेक्षा किंवा पंधरा-वीस हजारांपेक्षा जास्त असेल तेवढंच बघायचं. उतारा मात्र अर्धा टक्का हलला तरी बघायचा.

बजेटनं नुकसानही होतं, ते पण सांगितलं पाहिजे. वाळूजला एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी असताना वरून हुकूम आला की खर्च बजेटमधीच बसला पाहिजे, कारण विचारू नका. मेंटेनन्सवाल्यांनी मग टूल धार लावायला पाठवायचं लांबवलं, सुटे भाग मागवायचे थांबवले, दोन महिने मेंटेनन्सचा आकडा एकदम छान दिसला, आणि तिसऱ्या महिन्यापासून रिजेक्शन वाढलं, मशिन बंद पडायला लागली, मोठ्या कंपनीचा माल वेळेवर जाईना. बजेट पाळलं गेलं आणि धंदा बिघडला. म्हणून देखभाल, माणसांचं शिक्षण, मालाची तपासणी असे खर्च कमी झाले की शाबासकी द्यायच्या आधी काम झालं का ते बघा, काम न करता वाचलेला पैसा वाचलेला नसतो.

दुसरं नुकसान लपवाछपवीचं. सरकारी ऑफिसात मार्च एंडला काय पळापळ असती ते आपल्याला माहितीय, निधी ३१ मार्चला परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी मिळेल ही भीती, म्हणून गरज असो नसो खर्ची घालायचा. घरच्या धंद्यातही तेच होतं, वेगळ्या रूपात. मागच्या वर्षी किती झाला त्याच्यात दहा टक्के वाढवायचे असं बजेट केलं की मागच्या वर्षीची उधळपट्टी कायमची मंजूर झाली, आणि माणसं शिकतात की खर्च जास्त सांगायचा आणि विक्री कमी सांगायची म्हणजे वर्षभर निवांत. ह्याच्यावर झीरो-बेस बजेटिंग निघालं, अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधी पीटर पिअर ह्यांनी आणलं आणि पुढं जिमी कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर असताना त्यांनी राज्याच्या बजेटला लावलं, की प्रत्येक खर्च शून्यापासून सिद्ध करायचा. दरवर्षी प्रत्येक खर्चाला हे करणं फार कष्टाचं आहे, मी सुचवीन की दरवर्षी दोन-तीनच खाती निवडा, ह्या वर्षी गाडीभाडं आणि दलाली, पुढच्या वर्षी विमा आणि देखभाल. आणि बजेट गाठलं म्हणून बोनस असं बांधू नका. मुलाला वाटेल की त्यानं माणसं जोर लावतील, पण माणसं आकडाच सोपा लावून घेतील. बोनस द्यायचा तर मागच्या सीझनच्या मानानं उतारा सुधारला, मिलचे बंद तास कमी झाले, ह्याच्यावर द्या.

मुनीमकाका म्हणतील की बजेटशिवाय चालणाऱ्याही मोठ्या संस्था आहेत. आहेत की. स्वीडनच्या हँडल्सबँकेनं १९७० च्या दशकातच वर्षाचं पारंपरिक बजेट सोडून दिलं आणि ती बँक चांगली चालली. पण त्यांनी काय सोडलं ते बघा, वर्षाचा एक ठरलेला आकडा सोडला. माप घेणं, एका शाखेची दुसरीशी तुलना करणं, शाखेच्या माणसाला निर्णयाचा अधिकार देणं आणि त्याला जबाबदार धरणं हे सोडलं नाही, उलट जास्त कडक केलं. तुमच्याकडं आज ते माप नाही, म्हणून सोडायला काही नाही.

त्यांच्या मुद्द्यातलं घ्यायचं ते असं की वर्षभर एकच आकडा धरून बसायचं नाही. वाळूजचे सप्लायर हे चांगलं करतात, मोठ्या कंपनीकडून ह्या महिन्याचं पक्कं शेड्यूल आणि पुढच्या दोन महिन्यांचं अंदाजे येतं, दर महिन्याला ते पुढं सरकतं, त्याप्रमाणं माल-माणसं हलतात. तुम्ही नोव्हेंबरचं मूळ बजेट तसंच ठेवा, त्याला हात लावू नका, त्याच्या शेजारी दर महिन्याला पुढच्या तीन महिन्यांचा सुधारित अंदाज लिहा. साठा मर्यादा आली, आयात वाढली, पाऊस लांबला, तर अंदाज बदला आणि गृहीतकांच्या पानावर तारीख घालून कारण लिहा. मूळ बजेटच खोडून नवीन लिहिलं तर आपण कुठं होतो आणि कुठं आलो हे वर्षाच्या शेवटी कुणालाच सांगता येत नाही, मी खूप ठिकाणी हे बघितलंय, शेवटी बजेट आणि प्रत्यक्ष एकदम जुळतं आणि त्याच्यातून कुणी काही शिकत नाही.

घरच्या धंद्याची एक अडचण आहे ती मोकळेपणी सांगते. दोघा भावांचं आहे, बजेट लिहिलं की अधिकारही लिहावा लागतो, म्हणजे किती रुपयांपर्यंतचा सौदा कोण एकटा करील, त्याच्यावर दोघांनी विचारून. आमच्याकडं हे बोलायला अवघड जातं, अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण बोला. महिन्याला साडेतीन-पावणेचार कोटीची खरेदी करताना हे तोंडी ठेवलं की एखाद्या वाईट सीझननंतर कुणी सांगितलं होतं घ्यायला म्हणून घरात बोलणं होतं, आणि त्याचा त्रास धंद्यापेक्षा घराला जास्त होतो. मुलालाही ऑफिसात बसून एकट्याला बजेट करू देऊ नका, मुनीमकाका, सुपरवायझर, खरेदीवाला ह्या तिघांना त्याच्यासोबत बसवा. काकांना गेल्या कित्येक सीझनची आवक, भाव, कोणती पार्टी किती दिवसांनी पैसे देती हे सगळं तोंडपाठ असणार, ते ज्ञान दुसरीकडं कुठंच मिळत नाही आणि ते कागदावर आलं नाही तर त्यांच्यासोबतच जाईल.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. नवीन काही घेऊ नका. एक्सेल पुरतं, आणि तुमच्या टॅलीमधी बजेटची सोय आहेच, लेजरला किंवा ग्रुपला महिन्याचा आकडा टाकला की ट्रायल बॅलन्समधी प्रत्यक्ष आणि फरक समोर दिसतो. पण त्याच्या आधी लेजर नीट करा. लाईट बिलात डिमांड चार्ज वेगळा आणि वापराच्या युनिटचे पैसे वेगळे टाका, कारण एक बांधील आहे आणि एक कामाप्रमाणं बदलतं. कायम माणसांचा पगार आणि रोजंदारी वेगळी. आणि सगळ्यात आधी, चुनी, भुसा आणि तुटकी डाळ ह्यांची विक्री आज तुम्ही बहुतेक एकाच इतर विक्रीच्या लेजरला टाकत असाल, ती ह्या महिन्यापासून वजनासकट तीन वेगळ्या लेजरला टाका, नाहीतर पुढच्या सीझनला उतारा काढायला बसाल तेव्हा हिशोबाला आकडेच मिळणार नाहीत.